पृथ्वीचा ताप मोजणारे बुलार्ड

केनिया आणि युगांडात जमीन दुभंगल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंचीचे कडे, मध्ये खाली बसलेला पट्टा, त्यात लांबट सरोवरे आणि अधूनमधून ज्वालामुखी. ही पूर्व आफ्रिकेची खचदरी. तांबड्या समुद्राच्या टोकापासून मोझांबिकपर्यंत ती हजारो किलोमीटर पसरली आहे. १९३३-३४ च्या सुमारास पंचविशी ओलांडलेला एक ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लंबकांच्या पेट्या घेऊन या दरीत आला. त्याचे नाव एडवर्ड क्रिस्प बुलार्ड. पुढे भूविज्ञानाच्या जगात ते टेडी बुलार्ड म्हणून ओळखले गेले.

दरीत त्यांनी घेतलेली मोजमापे अचूक होती. त्यांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला. तो दुरुस्त व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. त्या दुरुस्तीत मोठा वाटा होता तो बुलार्ड यांनीच रूढ केलेल्या दुसऱ्या एका मोजमापाचा, म्हणजे जमिनीतून सतत बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या मोजमापाचा.

केल्विन यांचे अपुरे गणित

बुलार्ड यांचा जन्म २१ सप्टेंबर १९०७ रोजी इंग्लंडमधील नॉरिच शहरात झाला. घराण्याचा बिअर बनवण्याचा जुना व्यवसाय होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॉर्ड केल्विन यांचे निधन झाले. पृथ्वीच्या उष्णतेवरून तिचे वय काढण्याचा सर्वात गाजलेला प्रयत्न या केल्विन यांचाच.

खाणीत जसजसे खाली जावे तसतसे तापमान वाढते, हे खाणकामगारांना पूर्वापार माहीत होते. ही वाढ साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस असते. पृथ्वी आरंभी वितळलेला गोळा होती आणि तेव्हापासून नुसती निवत आली आहे, असे केल्विन यांनी गृहीत धरले. मग आजची तापमानवाढ दिसायला किती काळ लागला असेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. उत्तर काही कोटी वर्षांच्या घरात आले. भूवैज्ञानिकांना आणि डार्विनच्या अनुयायांना ते फारच थोडे वाटत होते.

पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागला. रेडियममधून सतत उष्णता बाहेर पडते, हे १९०३ मध्ये दिसून आले. खडकांतही युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सर्गी पोटॅशियम अत्यल्प प्रमाणात असते. म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णता निर्माण करणारी एक भट्टी आहे आणि ती केल्विन यांच्या हिशेबात नव्हती. आता प्रश्न बदलला. पृथ्वीतून नेमकी किती उष्णता बाहेर पडते, आणि त्यातली किती या भट्टीतून येते? बुलार्ड विद्यार्थी होते तेव्हा या प्रश्नाला खात्रीचे एकही उत्तर नव्हते. तापमानांच्या नोंदी भरपूर होत्या, पण उष्णता कोणी नीट मोजलीच नव्हती.

मंदीत मिळालेली नोकरी

बुलार्ड यांचे शिक्षण भौतिकशास्त्राचे. केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजमधून पदवी घेऊन ते रदरफोर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दाखल झाले. वायूंमधून जाणारे इलेक्ट्रॉन कसे विखुरतात, हा त्यांचा विषय होता. अणुविज्ञानाच्या त्या सुवर्णकाळात तिथेच राहावे असे कोणालाही वाटले असते. पण १९३१ साल जागतिक मंदीचे होते आणि नोकऱ्या दुर्मीळ होत्या. केंब्रिजच्याच भूमापन व भूभौतिकी विभागात एक जागा निघाली आणि ती त्यांनी स्वीकारली.

हा विभाग अगदी छोटा होता. त्याचे प्रमुख सर जेराल्ड लेनॉक्स-कॉनिंगहॅम यांची हयात भारताच्या सर्वेक्षण खात्यात गेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंबकाने भारतभर गुरुत्वाकर्षण मोजण्याचे काम त्यांनी केले होते. हिमालयासारखे प्रचंड पर्वत शेजारी असूनही ओळंबा अपेक्षेइतका त्यांच्याकडे ओढला जात नाही, हे कोडे याच खात्याच्या मोजणीतून १८५० च्या दशकात पुढे आले होते. त्यातूनच अशी कल्पना निघाली की भूकवच खालच्या जड थरावर तरंगल्यासारखे आहे. उंच पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते. पाण्यावरच्या बर्फाच्या मोठ्या खंडाचा बहुतेक भाग खाली बुडालेला असतो, तसेच हे.

बुलार्ड यांच्या हाती आधी लंबकच आले. गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे लंबक किंचित सावकाश हेलकावे घेतो. गुरुत्वाकर्षणात दहा लाखांत एक भाग इतका फरक पडला, तर लंबकाचे घड्याळ दिवसाला साधारण चार शतांश सेकंद मागे पडते. एवढा बारीक फरक पकडायचा तर काळाचे मापन काटेकोर हवे. बुलार्ड यांनी त्यासाठी रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या संकेतांचा उपयोग केला आणि जुन्या पद्धतीतल्या बऱ्याच चुका कमी केल्या. उपकरण स्वतः सुधारायचे, त्यातल्या त्रुटी आधी शोधायच्या आणि मग मोजायला निघायचे, ही त्यांची सवय इथूनच दिसते.

दरीच्या तळाला कोणी धरून ठेवले?

खचदरी हे नाव रूढ केले ते भूवैज्ञानिक जॉन वॉल्टर ग्रेगरी यांनी. १८९३ मध्ये ते केनियात गेले होते. जमीन दोन्ही बाजूंना ताणली गेली आणि मधला पट्टा खाली बसला, असे त्यांचे मत. युगांडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख ई. जे. वेलँड यांना मात्र उलटे वाटत होते. त्यांच्या मते जमीन दोन्ही बाजूंनी दाबली गेली, कडेचे भाग मधल्या पट्ट्यावर चढले आणि त्यांनी तो खाली दाबून धरला. दरी डोळ्यांनी पाहून हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

बुलार्ड यांच्या लंबकांनी दाखवले की दरीच्या पट्ट्यात गुरुत्वाकर्षण आजूबाजूच्या पठारापेक्षा कमी आहे. याचा अर्थ दरीच्या खाली वस्तुमानाची तूट आहे. आता बर्फाच्या खंडाचा दृष्टांत पुन्हा आठवावा. हलका पट्टा खाली बसला असेल तर तो पाण्यात दाबलेल्या बुचासारखा वर यायला हवा. तो वर येत नाही, म्हणजे त्याला कोणीतरी धरून ठेवले आहे. बाजूंनी दाब देऊन वर चढलेले कडेच हे काम करत असावेत, असा निष्कर्ष बुलार्ड यांनी काढला. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले आणि दाबाच्या मताचे पारडे जड झाले.

या युक्तिवादात एक गृहीतक लपलेले होते. दरीच्या खाली, भूकवचाच्या तळाशी असलेले प्रावरण इतर ठिकाणी असते तसेच थंड आणि जड आहे, असे त्यात मानले होते. गुरुत्वाकर्षणातली तूट हलक्या खडकामुळे पडू शकते, दरीत साचलेल्या गाळामुळे पडू शकते आणि खालचा खडक तापून प्रसरण पावल्यामुळेही पडू शकते. लंबकाला यांतला फरक कळत नाही. त्यासाठी दरीखाली किती उष्णता आहे, हे कळायला हवे होते. ते मोजायची साधने तेव्हा कोणाकडेच नव्हती.

नुसते तापमान पुरेसे नाही

गरम कढईत स्टीलचा झारा आणि लाकडी डाव ठेवला, तर झारा लगेच चटका देतो. डाव बराच वेळ हातात धरता येतो. दोघांचीही टोके सारख्याच गरम कढईत असतात, पण धातू उष्णता पटकन वाहून नेतो आणि लाकूड सावकाश. खडकांचेही तसेच आहे. त्यामुळे जमिनीत खोलीनुसार तापमान किती वाढते एवढे कळून भागत नाही. तो खडक उष्णता किती सहज वाहू देतो, हेही मोजावे लागते. या दोन आकड्यांच्या गुणाकाराने उष्णतेचा प्रवाह मिळतो.

दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या शोधासाठी खोल विंधनविवरे खोदली जात होती. त्यांतली तापमाने उपलब्ध झाली. बुलार्ड यांनी तिथल्या खडकांच्या नमुन्यांची उष्णतावाहकता मोजली. खडकाची चकती दोन धातूंच्या दांड्यांमध्ये बसवायची, एक टोक तापवायचे, दुसरे थंड ठेवायचे आणि मधल्या तापमानांच्या उतारावरून चकतीचे गुण काढायचे, अशी ती पद्धत. १९३९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या उष्णताप्रवाहावरचा त्यांचा शोधनिबंध आला. त्याच सुमारास त्यांच्याकडे काम करणाऱ्या बेनफिल्ड यांनी ब्रिटनमधली मोजमापे प्रसिद्ध केली. पृथ्वीच्या उष्णतेचा विश्वासार्ह हिशेब इथून सुरू झाला.

एका विवरात एकाखाली एक वेगवेगळे खडक असतात. त्यांच्या बदलत्या गुणांमुळे तापमानाचा आलेख वेडावाकडा येतो. बुलार्ड यांनी त्यावर साधी युक्ती काढली. आडव्या अक्षावर खोली घेण्याऐवजी, वरपासून तिथपर्यंतच्या सगळ्या थरांनी उष्णतेला केलेला एकूण विरोध घ्यायचा. मग आलेख सरळ रेषेत येतो आणि त्या रेषेचा उतार म्हणजेच उष्णतेचा प्रवाह. रेषा वाकली, तर उष्णता फक्त खडकातून झिरपत नसून वाहते पाणी तिला वाहून नेत आहे, असा संशय घ्यायचा. हा आलेख आजही बुलार्ड यांच्याच नावाने ओळखला जातो.

हा प्रवाह आहे तरी किती? खंडांवर सरासरीने दर चौरस मीटरला साधारण ६५ सहस्रांश वॅट. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. तेवढ्या जमिनीतून येणाऱ्या उष्णतेची शक्ती जेमतेम एका छोट्या एलईडी दिव्याइतकी भरते. सूर्याच्या उन्हापुढे ती नगण्य आहे, म्हणून आपल्या पायांना ती कधी जाणवत नाही. पण सगळ्या पृथ्वीचा हिशेब केला तर ती सुमारे ४५ लाख कोटी वॅट होते. पर्वत उभे राहण्यामागे, भूकंपांमागे आणि ज्वालामुखींमागे हीच उष्णता असते.

दक्षिण आफ्रिकेतला आकडा सरासरीपेक्षा कमी आला. तिथले भूकवच अब्जावधी वर्षांचे, थंड आणि जाड आहे. सोन्याच्या खाणी तिथे चार किलोमीटरच्या आसपास खोल जाऊ शकतात, याचे एक कारण हेच. तरीही इतक्या खोलीवर खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर जाते. माणसाचे शरीर तिथे थंडाव्याशिवाय तग धरू शकत नाही, म्हणून खाणीत बर्फाचे पाणी आणि थंड हवा सतत सोडावी लागते.

समुद्राच्या तळाला खुपसलेला थर्मामीटर

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बुलार्ड ब्रिटिश नौदलाच्या कामात गेले. जर्मन चुंबकी सुरुंगांपासून जहाजे वाचवण्यासाठी त्यांचे चुंबकत्व नाहीसे करण्याच्या तंत्रावर त्यांनी काम केले. १९४१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्धानंतर काही काळ ते कॅनडात टोरंटो विद्यापीठात होते. १९५० ते १९५५ या काळात ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ते संचालक होते. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्या द्रवरूप लोहगाभ्यातल्या हालचालींतून कसे निर्माण होते, यावरही त्यांनी याच वर्षांत महत्त्वाचे काम केले. १९५३ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

या सगळ्या धबडग्यात उष्णतेचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. पृथ्वीचा ७० टक्के पृष्ठभाग समुद्राखाली आहे आणि तिथले एकही मोजमाप नव्हते. समुद्राच्या तळाशी विंधनविवर खोदणे तेव्हा अशक्य होते. पण तिथे एक सोय होती. जमिनीवर ऋतूंप्रमाणे वरच्या थरांचे तापमान बदलते, म्हणून बरेच खोल जावे लागते. खोल समुद्राचा तळ मात्र वर्षभर जवळजवळ एकाच थंड तापमानाला असतो. त्यामुळे तिथल्या मऊ गाळात चार-पाच मीटर शिरले तरी पुरते.

१९४९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत बुलार्ड, रॉजर रेव्हेल आणि आर्थर मॅक्सवेल यांनी अशा उपकरणाची आखणी केली. पोलादाची लांब, पोकळ, भाल्यासारखी नळी आणि तिच्या दोन टोकांच्या तापमानांतला फरक नोंदवणारे यंत्र. ही नळी तारेला बांधून चार-पाच किलोमीटर खाली सोडायची. तिथे पाण्याचा दाब वातावरणाच्या चार-पाचशे पट. नळी गाळात घुसताना घर्षणाने तापते, म्हणून तिला निवण्यासाठी बराच वेळ तसेच ठेवावे लागे. तेवढ्या वेळात वरचे जहाज वाऱ्याने सरकले, तर नळी वाकून निकामी होई. आणि हे सगळे करायचे कशासाठी? नळीच्या दोन टोकांतला अंशाच्या जेमतेम पाचव्या भागाइतका फरक टिपण्यासाठी.

१९५० मध्ये प्रशांत महासागरात रेव्हेल आणि मॅक्सवेल यांना पहिली मोजमापे मिळाली. त्यानंतर बुलार्ड यांनी अटलांटिकमध्ये मोजमापे केली आणि ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. आकडे पाहून सगळेच चकित झाले. खंडांखाली ग्रॅनाइटचे जाड कवच असते आणि किरणोत्सर्गी द्रव्ये त्यात अधिक असतात. समुद्राखालचे कवच बेसाल्टचे, सहा-सात किलोमीटर जाडीचे आणि त्यात ही द्रव्ये फारच कमी. म्हणून समुद्रतळातून खंडांच्या तुलनेत थोडीच उष्णता यावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्हीकडे ती जवळजवळ सारखीच निघाली.

मग समुद्राखालची उष्णता येते कुठून? एक शक्यता अशी की समुद्राखालच्या प्रावरणात किरणोत्सर्गी द्रव्ये अजून विखुरलेली आहेत आणि खंडांखाली तीच वर येऊन कवचात साठली आहेत. हे खरे मानले तर खंड आपापल्या जागी कायमचे खिळलेले असायला हवेत, नाहीतर हा समतोल बिघडला असता. खंडवहनाच्या विरोधकांना हा युक्तिवाद फार उपयोगी पडला. दुसरी शक्यता अशी की खालचा तप्त खडक घन असूनही अतिशय सावकाश वर सरकतो आणि उष्णता घेऊन येतो. खदखदणाऱ्या आमटीत तळाची आमटी वर येते, तसे. बुलार्ड यांच्यासमोर दोन्ही शक्यता होत्या. खंड सरकतात ही कल्पना मात्र त्यांना तेव्हा पटलेली नव्हती.

तीच दरी, समुद्राखाली

याच काळात न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत मारी थार्प समुद्राच्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होत्या. महासागराच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगेच्या माथ्यावर त्यांना एक लांबलचक दरी दिसली. तिचा आडवा छेद पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीच्या छेदाशी विलक्षण जुळत होता. पुढे कळले की ही रांग जगभरच्या महासागरांतून जाते आणि तिची एक शाखा एडनच्या आखातातून आफ्रिकेच्या खचदरीला मिळते. बुलार्ड यांनी जिथे लंबक नेले होते ती दरी एका जागतिक भेगेचे जमिनीवर आलेले टोक होती.

या समुद्री रांगांवर उष्णतेचे भाले खुपसले गेले, तेव्हा काही ठिकाणी आकडे सरासरीच्या कित्येक पट आले. पूर्व प्रशांत महासागरातल्या रांगेवर रिचर्ड फॉन हर्झन यांना हे १९५९ च्या सुमारास आढळले. अटलांटिकच्या रांगेवरचे तसेच निष्कर्ष बुलार्ड आणि ॲलन डे यांनी १९६१ मध्ये मांडले. किरणोत्सर्गी द्रव्ये नेमकी एका अरुंद पट्ट्यातच इतकी कशी साठतील? सरळ उत्तर एकच होते. त्या पट्ट्याखाली तप्त खडक वर येत होता.

अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडले, की रांगांवर नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. त्यामागच्या पुराव्यांत ही उष्णताही होती. १९६३ मध्ये बुलार्ड यांच्याच केंब्रिज विभागातल्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी समुद्रतळावरच्या चुंबकी पट्ट्यांवरून त्याला बळ दिले.

आता बुलार्ड यांनी आपले मत बदलले, आणि ते उघडपणे. पन्नाशी उलटलेला, सर किताब मिळालेला, विभाग सांभाळणारा शास्त्रज्ञ जुन्या मताला चिकटून राहिला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. त्या काळातले कितीतरी नामवंत तसे राहिलेही. बुलार्ड यांनी मात्र लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे खंडवहनाच्या बाजूने व्याख्यान दिले. १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत भरलेल्या खंडवहनावरच्या परिषदेत ते अग्रभागी होते. तिथे त्यांनी जे. ई. एव्हरेट आणि ए. जी. स्मिथ यांच्यासह एक नकाशा मांडला. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे जुळतात, हे शाळकरी मुलालाही दिसते. पण डोळ्यांना दिसणे म्हणजे पुरावा नव्हे, असा आक्षेप होता. या तिघांनी किनारा न घेता समुद्रात सुमारे ९०० मीटर खोलीवरची खंडांची खरी कड घेतली आणि संगणकाकरवी सर्वोत्तम जुळणी काढली. फटी आणि एकमेकांवर चढलेले भाग फारच थोडे राहिले. आइसलँड त्यातून वगळावे लागले आणि नायजर नदीच्या मुखाशी थोडी जमीन जास्त आली. पण दोन्ही गोष्टी खंड विलग झाल्यानंतरच्या असल्यामुळे त्या जुळणीला बाधा आणत नव्हत्या. हा नकाशा अजूनही पाठ्यपुस्तकांत छापला जातो.

दरीचे कोडे सुटले

खचदरीचा निकालही हळूहळू लागला. तांबड्या समुद्राच्या मध्यभागी गुरुत्वाकर्षण कमी नसून जास्त आहे, हे रोनाल्ड गर्डलर आणि इतरांच्या अभ्यासातून दिसले. तिथे जमीन पुरती फाटली आहे आणि फटीत जड बेसाल्ट वर आला आहे. पूर्व आफ्रिका त्याच वाटेवर, पण अजून मागे आहे. ग्रेगरी यांचेच मत खरे होते. जमीन दाबली जात नव्हती, ताणली जात होती.

मग गुरुत्वाकर्षणातली तूट कशाची? त्यातली काही दरीत साचलेल्या हलक्या गाळाची, तर मोठ्या पसाऱ्यावरची तूट खालच्या तापलेल्या, प्रसरण पावलेल्या प्रावरणाची. दरीचा तळ कोणी दाबून धरलेला नव्हता. त्या साऱ्या पठाराला खालून तप्त आणि म्हणून हलक्या खडकाचा आधार होता.

हे सगळे गणितात बसवले ते बुलार्ड यांचेच विद्यार्थी डॅन मॅकेन्झी यांनी. समुद्री रांगेपासून दूर जाताना उष्णता का घटत जाते, हे त्यांनी १९६७ मध्ये दाखवले. नवा समुद्रतळ गरम असतो आणि सरकता सरकता निवतो. १९७८ मध्ये त्यांनी खंडांवरच्या खचदऱ्यांचे गणित मांडले. पृथ्वीचा वरचा कडक थर ओढला की तो मळलेल्या कणकेसारखा मध्ये पातळ होतो. तो निम्म्या जाडीचा झाला, तर खालची तप्तता निम्म्या अंतरावर येते आणि तापमानवाढीचा दर दुप्पट होतो. सुरुवातीला जमीन पटकन खचते. नंतर कोट्यवधी वर्षे ती निवत जाते, आकुंचन पावते आणि आणखी खाली बसते. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या खोऱ्यांचा इतिहास या गणिताने उलगडला, कारण गाळातून तेल तयार व्हायला योग्य तितकाच ताप योग्य तितका काळ मिळावा लागतो.

खचदऱ्यांखालचे आजचे चित्र असे आहे. जुन्या, स्थिर भूभागात ४० किलोमीटर खोलीवर तापमान चारशे-पाचशे अंशांच्या आसपास असते. क्रियाशील खचदरीखाली त्याच खोलीवर ते हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि खडक अंशतः वितळतो. केनियाच्या दरीखाली भूकंपलहरींनी केलेल्या तपासणीत भूकवच दक्षिणेकडे सुमारे ३५ किलोमीटर, तर उत्तरेला तुर्काना सरोवराखाली जेमतेम २० किलोमीटर जाडीचे आढळले. नैवाशा सरोवराजवळच्या ओल्कारिया इथे १९८१ पासून या उष्णतेवर वीज तयार होते आणि आज केनियाच्या विजेचा मोठा वाटा भूगर्भातल्या वाफेतून येतो.

पाण्याने पळवलेली उष्णता

एक कोडे मात्र बुलार्ड यांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत रेंगाळले. समुद्री रांगांच्या माथ्यावर गणिताप्रमाणे जेवढी उष्णता यायला हवी, तेवढी भाल्यांना सापडत नव्हती. एका ठिकाणी आकडा प्रचंड, तर जवळच अगदी कमी. क्लाइव्ह लिस्टर यांनी १९७२ मध्ये कारण सांगितले. नव्या, तडकलेल्या बेसाल्टमध्ये समुद्राचे पाणी शिरते, तापते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. खडकातून झिरपणारी उष्णता मोजणाऱ्या भाल्याला ही वाट दिसतच नाही. १९७७ मध्ये गालापागोसजवळच्या समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे प्रत्यक्ष सापडले. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत रांगेवर साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेले काळे पाणी धुरासारखे ओकणारी धुराडी दिसली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातला धडा ओळखीचा वाटेल. वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडे पाहून खाली ज्वालामुखी असावा, असे अनेकांना वाटते. तसे असण्याची गरज नाही. पावसाचे पाणी भेगांमधून खूप खोल उतरले आणि पटकन वर आले, तर नेहमीच्या तापमानवाढीनेही ते कढत होते. जमीन खरोखर किती तापलेली आहे, हे झऱ्यापेक्षा विंधनविवर अधिक विश्वासाने सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९६० च्या दशकापासून कोलारच्या सोन्याच्या खाणींत आणि पुढे देशभर अशी मोजमापे केली. दक्षिणेकडच्या प्राचीन भूभागात आकडे कमी, तर गुजरातमधल्या खंभातच्या जुन्या खचदरीत बरेच जास्त आढळले. कोयना परिसरातही बेसाल्टचे थर ओलांडून ग्रॅनाइटपर्यंत गेलेल्या विवरांत तापमाने घेतली गेली आहेत. तिथल्या भूकंपांच्या अभ्यासात ती लागतात, कारण खडक कोणत्या खोलीपर्यंत तुटेल आणि कुठून मऊ होईल, हे मुख्यतः तापमानावर ठरते.

बुलार्ड १९७४ मध्ये केंब्रिजमधून निवृत्त झाले आणि कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे राहू लागले. स्क्रिप्स संस्था तिथेच. १९६८ मध्ये त्यांना भूविज्ञानातला वेटलसन पुरस्कार मिळाला होता. ३ एप्रिल १९८० रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पूर्व आफ्रिकेत त्यांनी घेतलेली लंबकाची मोजमापे पुढच्या संशोधकांनी टाकून दिली नाहीत. आकडे चोख होते, म्हणून त्यांचा अर्थ नव्याने लावता आला. आजही एखाद्या विंधनविवरात तापमान घेतले जाते, तेव्हा खडकांच्या चकत्या प्रयोगशाळेत मोजल्या जातात, आलेख मांडला जातो आणि तो सरळ आला आहे की वाकला आहे, हे आधी पाहिले जाते. वाकला असेल, तर आकडा छापण्याआधी पाण्याची वाट शोधायची असते.